संध्याकाळ कंपनीची असते

भिलाईला नाइट लाइफ नाही असं म्हणणाऱ्यांनी भिलाई दिवसाच पाहिलेली असते. आमच्याकडे नाइट लाइफ आहे आणि ते पूर्णपणे सरकारी आहे. रात्री दहाला सुरू होतं, सकाळी सहाला सुटतं, दारावर हजेरी लागते आणि पोशाखाचा नियम कडक आहे: डोक्यावर हेल्मेट, पायात पुढून पोलाद बसवलेले बूट. पोलाद कारखान्याची झोतभट्टी एकदा पेटवली की रात्र झाली म्हणून विझवता येत नाही. त्यामुळे १९५९ पासून हे गाव पुरतं झोपलेलं नाही. रोषणाई फुकट. तापलेला स्लॅग, म्हणजे भट्टीतली मळी, ओतला की आकाशाची एक बाजू केशरी होते. पुण्याहून आलेला पाहुणा गच्चीवर झोपला असेल तर दचकून उठतो आणि 'आग, आग' करतो. घरचे लोक 'हो, कारखान्यात' म्हणतात आणि कूस बदलतात.

अशा गावात वाढलेला आमचा भाचा टोकियोला नोकरीला लागला, तेव्हा त्याच्या आईला, म्हणजे आमच्या ताईला, एकाच गोष्टीची काळजी होती. तिथे रात्री म्हणे फार दिवे असतात. ताईचं जपानविषयीचं ज्ञान दोन खांबांवर उभं होतं. एक म्हणजे १९६६ सालचा 'लव्ह इन टोकियो' हा सिनेमा आणि दुसरं म्हणजे त्याच नावाने देशभर खपलेलं, दोन मणी लावलेलं वेणीचं रबर. शाळा सुटेपर्यंत तिच्या दोन्ही वेण्यांना तेच रबर असे. टोकियोत ते कुणालाही ठाऊक नाही असं भाच्याने कळवलं, तेव्हा तिचा त्या शहरावरचा उरलासुरला विश्वासही उडाला.

माझी तयारी जरा बरी होती, मी 'पूर्वरंग' वाचलं होतं. पण पु. ल. जपानला गेले ते पाहुणे म्हणून. पाहुण्याला कुठलाही देश झाडूनपुसून ठेवलेल्या दिवाणखान्यात बसवतो. कामाला आलेल्या माणसाला तो मागच्या दाराने आत घेतो आणि संध्याकाळी सहानंतर कुठे बसायचं, कुणाशेजारी बसायचं आणि कधी उठायचं ते सांगतो. हे शेवटचं कुठल्याच प्रवासवर्णनात नसतं.

टोकियोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. ताईची मालिका नऊला संपते तेव्हा तिकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. ती नेमका तेव्हाच फोन लावते.

"काय करून राहिला रे?"

"ऑफिसचं काम करून राहिलो, आई."

"मागे कोणीतरी गाऊन राहिलं."

"आमचे साहेब आहेत. हेच काम आहे."

तो खोटं बोलत नव्हता. जपानी कंपनीतली संध्याकाळ हे कामच असतं, फक्त टेबलावरचा संगणक जाऊन तिथे बिअर येते. सगळा विभाग मिळून इझाकायात, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या अड्ड्यावर, जातो. जागा ठरवायची, पैसे गोळा करायचे, किती जण येणार ते मोजायचं, ही कामं विभागातल्या धाकट्याकडे. साहेबांची जागा दारापासून सगळ्यात लांब, धाकट्याची दाराशी, कारण ऑर्डर देण्यासाठी त्यालाच हाका मारायच्या असतात. सगळ्यांचे ग्लास भरेपर्यंत कुणी घोट घ्यायचा नाही. आपला ग्लास आपण भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा, आणि शेजारी आपला भरेल यावर विश्वास ठेवायचा. दोन तासांत कितीही प्या अशा ठरावीक दराच्या बैठका असतात, आणि दोन तास झाले की हॉटेलवाला नम्रपणे वाकून उठवतो. मग दुसरी बैठक दुसरीकडे. मग तिसरी, कराओकेची.

या बैठकीत साहेब आणि हाताखालचे यांनी हुद्दा विसरून मोकळेपणाने बोलावं असा संकेत आहे. भाच्याला त्याच्या एका सहकाऱ्याने पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं, "आज हुद्दा विसरायचा असतो. पण तू विसरू नकोस." भाचा मला म्हणाला, "मामा, हे मला समजवायची काय गरज? मी भिलाईचा आहो."

आणि खरंच आहे ते. भिलाईत माणसाने पत्ता सांगितला की पगार विचारावा लागत नाही. क्वार्टर हुद्द्याप्रमाणे मिळतं, त्यामुळे शेजारी हुद्द्याप्रमाणे मिळतो, त्यामुळे मुलांचे मित्र हुद्द्याप्रमाणे मिळतात. 'बत्तीस बंगले' या साहेबांच्या वस्तीत राहणारा आणि सेक्टरातल्या दोन खोल्यांत राहणारा एकाच दुर्गापूजेला येतात, पण प्रसादाच्या रांगेत कुणी कुणाच्या पुढे उभं राहायचं हे कुणी सांगावं लागत नाही. अधिकाऱ्यांचा क्लब वेगळा. कामगाराला तिथे जायचंच असेल तर मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन जायचं. बीएसपीने, म्हणजे भिलाई पोलाद कारखान्याने, आम्हाला घर दिलं, शाळा दिली, सेक्टर नऊचं हॉस्पिटल दिलं, फिरायला मैत्रीबाग दिली. आमची संध्याकाळ आमची होती असा आमचा समज होता, पण तीही क्वार्टराबरोबरच मिळालेली होती. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं तेव्हा मला हे कळलं. नव्या घरात सगळं होतं, फक्त संध्याकाळी सहाला काय करायचं ते कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

त्यामुळे टोकियोत इतर भारतीय मुलं 'हे काय, ऑफिस सुटल्यावरही ऑफिस?' म्हणून चिडत होती, तेव्हा आमचा भाचा निवांत होता. त्याला एकच गोष्ट नडली, ती म्हणजे जेवण. तो शाकाहारी. जपानात शाकाहार हा प्रकार देवळात चालतो, इझाकायात चालत नाही. भाजी मागवा, टोफू मागवा, साधं सूप मागवा, सगळ्याच्या मुळाशी वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. काही पदार्थांवर त्याच माशाचे पातळ कीस पसरलेले असतात आणि खालच्या वाफेने ते हलत असतात. भाच्याने पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्याला वाटलं, अजून जिवंत आहे. शेवटी तो सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगांवर आला. शेंगा सोलायच्या, खायच्या, पुन्हा सोलायच्या. बाकीचे मासे, कोंबडी, बिअर, साके असं सगळं रिचवत होते. बिल आलं तेव्हा ते सगळ्यांत सारखं वाटण्यात आलं. त्या शेंगा त्याला काय भावाने पडल्या हे त्याने ताईला अजून सांगितलेलं नाही.

शिवाय बसल्या बसल्या न मागता एक छोटी वाटी समोर येते. तिला नाही म्हणता येत नाही आणि तिचे पैसे लागतात. पहिल्यांदा जाणारा परदेशी माणूस ती पाहुणचार समजून दोनदा आभार मानतो.

आणि सगळ्याच्या शेवटी शेवटची लोकल. मुंबईच्या माणसाला लोकलचं कौतुक सांगण्यात अर्थ नाही. पण टोकियोची रात्र पुरती त्या गाडीच्या हातात आहे. मध्यरात्रीच्या आसपास गाड्या बंद, पहाटे पाचच्या सुमाराला पुन्हा सुरू. मधल्या वेळात टॅक्सी करायची तर आठवड्याची भाजी गेली. म्हणून साडेअकरापर्यंत ज्यांनी एकमेकांच्या गळ्यात गळे घातलेले असतात ते अकरा पन्नासला धावत सुटतात, निरोप घ्यायलाही थांबत नाहीत. गाडी चुकलेले लोक कॅप्सूल हॉटेलच्या कप्प्यात शिरतात, चित्रकथांच्या कॅफेत खुर्चीवर पेंगतात किंवा कराओकेच्या खोलीत पाचपर्यंत गात राहतात. म्हणजे नाइट लाइफ तिथे पुष्कळदा आवडीने नव्हे, वेळापत्रकामुळे घडतं. सकाळी हीच माणसं इस्त्री केलेल्या शर्टात वेळेवर हजर असतात. तिसरी पाळी करून दुसऱ्या दिवशी मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला हजर राहिलेल्या बापांचं गाव हे, त्यामुळे यातही आम्हाला विशेष काही वाटलं नाही.

परक्या माणसाची संध्याकाळ हा खरं तर भिलाईचा जुना विषय आहे. त्यावर आम्ही जपान्यांना शिकवणी देऊ शकतो. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी कारखान्याचा करार झाला तेव्हा हा सगळा भाग ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढच्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची मांडणी बदलली आणि राजधानी भोपाळला गेली. नागपूरहून इथे नोकरीला आलेल्या मराठी माणसाला सामान सोडायच्या आधीच परराज्यातला व्हावं लागलं. भाषा तीच, भात तोच, पत्ता तोच, आणि माणूस मात्र परका. (२००० साली छत्तीसगड झालं तेव्हा तो पुन्हा एकदा न हलता हलला.)

त्याच सुमाराला शेकडो रशियन तज्ज्ञ बायकामुलांसह इथे उतरले. मॉस्कोच्या बर्फातून थेट दुर्ग जिल्ह्याच्या मे महिन्यात. त्यांचे मुख्य अभियंता होते वेनियामिन दिमशित्स, जे पुढे सोव्हिएत संघाचे उपपंतप्रधान झाले. भिलाईचा एक उन्हाळा झोतभट्टीशेजारी काढल्यावर क्रेमलिनमध्ये त्यांना कशाचा धाक वाटला नसेल. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याचं सगळं कागदोपत्री आहे. त्या लोकांनी संध्याकाळी काय केलं ते कागदोपत्री नाही, ते आमच्या जुन्या लोकांच्या तोंडी आहे. ते सांगतात की रशियन माणूस दुभाष्याला बरोबर घेऊन बाजारात यायचा, पण भाजीवाल्याशी दुभाषा लागायचा नाही. दोघं बोटांवर बोलायचे. राज कपूरचं नाव घेतलं की मग बोटंही लागायची नाहीत, कारण 'आवारा' त्यांच्याकडे आमच्याइतकाच धो धो चालला होता. सुपेल्याच्या बाजारात बटाटे विकणाऱ्याला रशियन आकडे येतात आणि हिशेब करताना तो ते सोयीनुसार विसरतो, हेही तेव्हाचंच.

याच काळात राउरकेल्याला जर्मन होते आणि दुर्गापूरला इंग्रज. राउरकेल्यातल्या जर्मनांच्या संध्याकाळी इतक्या गाजल्या, त्यांच्या तक्रारी इतक्या दूरवर पोचल्या, की त्यांच्यासाठी जर्मन सोशल सेंटर नावाची वेगळी व्यवस्था उभी करावी लागली. तिचे प्रमुख यान बोडो स्पर्लिंग यांनी पुढे १९६५ मध्ये या अनुभवावर चक्क एक पुस्तक लिहिलं. म्हणजे पोलाद करायला आलेल्या माणसांच्या करमणुकीसाठी एक पगारी अधिकारी, आणि त्या अधिकाऱ्याला पुरून उरेल एवढा विषय. दिवसाच्या कामावर देखरेख करणं त्यामानाने सोपं असावं. लोखंड वितळायचं तापमान ठरलेलं असतं, रिकाम्या संध्याकाळी माणूस किती अंशांना वितळेल याचा तक्ता नाही.

जपानी सरकारनेही हा तक्ता करायचा प्रयत्न केलेला आहे. तिथे १९४८ सालचा एक कायदा होता. नाचायची सोय असलेल्या जागेला खास परवाना हवा, आणि परवाना असला तरी मध्यरात्रीनंतर नाच बंद. बरीच वर्षं तिकडे कानाडोळा झाला, मग ओसाकात धाडी पडू लागल्या आणि क्लबच्या भिंतींवर 'नाचू नये' अशा पाट्या आल्या. आत मोठ्याने संगीत, हातात पेय, आणि समोर पाटी. डोलणं चालेल की नाही, मान हलवली तर तो नाच धरायचा का, यावर तिथले वकील गंभीरपणे वाद घालत. २०१५ ला कायदा बदलला, २०१६ च्या जूनपासून लागू झाला. आता रात्रभर नाचता येतं, पण अट अशी की जागेत पुरेसा उजेड पाहिजे. किती, तर दहा लक्स. सिनेमाच्या मध्यंतरात थिएटरात असतो साधारण तेवढा. म्हणजे नाचा, पण कोण नाचतंय ते दिसलं पाहिजे.

२०१७ ला त्यांनी महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी तीनला घरी जाण्याची मोहीम काढली. लोक खर्च करतील अशी आशा होती. महिनाअखेर म्हणजे हिशेबाची गडबड, त्यामुळे फारसं कुणी उठलंच नाही. आणि २०२२ मध्ये तर तिथल्या करखात्याने, तरुण पिढी पुरेशी पीत नाही आणि त्यामुळे दारूवरचा कर बुडतो म्हणून, तरुणांनी जास्त प्यावं यासाठी कल्पना सुचवा अशी स्पर्धा ठेवली. आपल्याकडे करखात्याचं पत्र आलं की माणूस आपोआप प्यायला लागतो, स्पर्धा ठेवावी लागत नाही.

त्या नाचबंदीची गोष्ट भाच्याने सांगितली तेव्हा मला आमच्या शेजारच्या खेड्यांतला नाचा आठवला. छत्तीसगडी नाचा, म्हणजे इथलं लोकनाट्य, मध्यरात्रीच्या आधी रंगातच येत नाही. जेवणं आटोपतात, मुलं पेंगायला लागतात, चिकारा आणि तबला जुळतो, आणि मग जोक्कड, म्हणजे विदूषक, येतात. पहाटेपर्यंत चालतं. १९२७-२८ च्या सुमाराला राजनांदगावकडच्या रवेली गावात दाऊ मंदराजींनी नाचाला पहिल्यांदा नीट संघटित मंडळीचं रूप दिलं. तिथे दहा लक्सचा नियम लावला असता तर पेट्रोमॅक्सवाल्यावर खटला भरावा लागला असता. आणखी एक मौज पाहा. कोबेच्या दाइसुके इनोउए यांनी कराओकेचं यंत्र केलं ते १९७१ साली. त्याच वर्षी दुर्गजवळच्या बघेरा गावात दाऊ रामचंद्र देशमुखांनी 'चंदैनी गोंदा' हे लोककलापथक उभं केलं. एकाने वादकांची गरज संपवली, दुसऱ्याने खेडोपाडीचे वादक आणि गायक शोधून शोधून एका मंचावर आणले. (देशमुख आडनावावरून मराठी वाचकाने हक्क सांगू नये. दुर्गकडचे हे देशमुख छत्तीसगडी. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या वर्गणीच्या यादीत दरवर्षी त्यांचं नाव चुकून येतं आणि ते भले लोक दरवर्षी पैसे देतात.)

भाच्याचं सगळंच मजेत चाललं होतं असं नाही. तो लोकलमध्ये बसला की बाजूची जागा पुष्कळदा रिकामी राहते. गर्दी असली तरी. कुणी वाईट वागत नाही, वागायला जवळच येत नाही. दुकानात 'नमस्कार' एवढंच जपानीत म्हटलं की समोरचा माणूस तुमचं जपानी फार छान आहे म्हणतो, आणि पुढचं सगळं हातवाऱ्यांनी सांगतो. भाषा खरोखर सुधारत गेली तसं हे कौतुक कमी झालं, त्यामुळे भाच्याला आपली प्रगती कळली. मी त्याला धीर द्यायला म्हणालो, "अरे, आपल्या बैलाडिल्याचं लोखंड १९६८ पासून विशाखापट्टणमहून जपानलाच जाऊन राहिलं. डोंगरातून रेल्वे टाकायला त्यांनीच मदत केली होती. तू बसतोस त्या गाडीत बस्तरचा अंश असणार. तू नाही परका, तू कच्चा माल." तो म्हणाला, "मामा, हे मी कोणाला सांगू? बाजूला कोणी बसतच नाही."

शनिवार-रविवारी तो निशिकसाईला राहायला गेल्यासारखाच असतो. टोकियोच्या एदोगावा भागातली ही वस्ती. २००० साल उजाडताना संगणकांची घड्याळं बिघडणार म्हणून जे भारतीय अभियंते गेले त्यांतले बरेच इथे स्थिरावले. घड्याळं बिघडली नाहीत, पण इडली-डोशाची हॉटेलं उघडली. आपले योगेंद्र पुराणिक २०१९ ला इथूनच एदोगावाच्या सभागृहात निवडून आले. जपानात निवडणूक जिंकणारे ते पहिले भारतीय वंशाचे उमेदवार. मराठी माणूस परदेशात एकत्र येत नाही असं म्हणणाऱ्यांनी टोकियोतला गणपती पाहावा. भिलाईत महाराष्ट्र मंडळाच्या पायरीवर ज्याने कधी चप्पल काढली नाही, तो आमचा भाचा तिकडे आरतीच्या वेळी टाळ धरून पुढच्या रांगेत होता. पुण्याच्या एका काकूंनी मात्र त्याचं 'येऊन राहिलो', 'खाऊन राहिलो' ऐकून विचारलं, "तुम्ही मूळचे मराठीच ना?" भिलाईत तो मराठी, पुण्याकडच्यांना तो हिंदीवाला आणि जपान्यांना भारतीय. तीनही ठिकाणी मोदक मात्र मिळाला.

त्याचं बस्तान बसलं ते वेगळ्याच वाटेने. एका रात्री तिसरी बैठक, म्हणजे कराओके, सुरू होती. यंत्रात हिंदी गाणी नव्हती. साहेब आग्रह करत होते आणि ते होते फुकुओकाचे. भाच्याला काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "तुमच्या शहराने आमच्या कारखान्यातल्या बाईंना पुरस्कार दिलाय." साहेबांना वाटलं पोलादाविषयी असेल. त्यांनी फोनवर शोधलं, तर २०१८ च्या फुकुओका पुरस्कारांत कला आणि संस्कृती विभागात तीजनबाई. शेजारच्या गनियारी गावच्या, बीएसपीच्या सेवेत राहिलेल्या, पद्मविभूषण. फोटोत त्यांनी मोरपिसं लावलेला तंबुरा असा उगारलेला की समोरच्याने दोन पावलं मागे जावं. साहेब म्हणाले, "हे करून दाखव."

भिलाईच्या पोराने पंडवानी, म्हणजे तीजनबाई गातात ती महाभारताची कथा, ऐकलेली नसते असं होत नाही. कारखान्याच्या कार्यक्रमात, सेक्टरच्या मैदानात, कधीतरी आजीच्या मांडीवर पेंगत ती कानावर पडतेच. भाच्याने माइक तंबुऱ्यासारखा खांद्याला लावला आणि दुःशासनवध घेतला. तुटकी छत्तीसगडी, मधेच हिंदी, अडलं की जपानी. पंडवानीत गायकाशेजारी एक रागी असतो. प्रत्येक वाक्याला हुंकारू भरायचा, 'हव भई' म्हणायचं, अडला तर पुढे काय झालं ते विचारायचं, हे त्याचं काम. रागी चांगला नसेल तर भीमसुद्धा लुळा पडतो. आणि इथे भाच्याला एका खोलीत आठ रागी मिळाले. जपानी माणूस ऐकताना गप्प बसूच शकत नाही. दर चार शब्दांना मान हलवून 'हाय' म्हणेल, 'ए?' म्हणेल, 'सोऽ देस् ने' म्हणेल, 'मग?' विचारेल. वर्षभर ऑफिसात ज्या हुंकारांनी भाच्याचं डोकं उठलं होतं, त्यांनीच त्या रात्री त्याला उचलून धरलं. द्रौपदीच्या मोकळ्या केसांची प्रतिज्ञा आली तेव्हा हिशेब विभागातल्या बाई डोळे पुसत होत्या. माशाच्या रश्श्याला घाबरणारा हा मुलगा दुःशासनाची छाती फोडून रक्त प्यायला, तेव्हा साहेबांनी हातातला ग्लास हळूच खाली ठेवला.

शेवटची लोकल सगळ्यांचीच चुकली. कुणी तक्रार केली नाही.

आता दर बैठकीला पुढचा प्रसंग मागतात. जागा दाराशीच आहे, हुद्दा वाढलेला नाही, बिल अजून सारखंच वाटलं जातं. पण शेंगांच्या जोडीला आता साधा भात येतो, साहेब स्वतः सांगून माशाविना मागवतात. महाभारताची अठरा पर्वं आहेत. भाच्याच्या व्हिसाची मुदत तेवढी नाही, म्हणून ती वाढवून घ्यायची तजवीज कंपनीनेच सुरू केली आहे. ताईला एवढंच कळलंय की तो रात्री महाभारत वाचतो. ती फार समाधानात आहे.

माझं मत विचाराल तर परक्या गावी कामाला जाणाऱ्याने तिथली भाषा शिकावी, पण त्याआधी आपल्या गावातलं काहीतरी एक रात्रभर पुरेल असं पाठ करून जावं. भारूड, लावणी, पोवाडा, जे येत असेल ते. राजकारण चालणार नाही, ते पहिल्याच बैठकीत संपतं.

आणि एक विनंती. तुमच्या ओळखीत कुणी जपानी माणूस भिलाईला कामाला येणार असेल तर त्याला हॉटेलच्या खोलीत टीव्हीसमोर सोडू नका. सिव्हिक सेंटरला आणा, गुपचुप खायला घाला, म्हणजे तुमची पाणीपुरी. त्यात मासा नाही हे मी लिहून देतो. परतीच्या गाडीची त्याला घाई करू देऊ नका. मुंबई-हावडा मार्गावर रात्रभर गाड्या आहेत, एक चुकली तर दुसरी मिळते, आणि ती उशिरा येते त्यामुळे चुकतही नाही. गणपतीच्या दिवसांत आला तर उत्तमच, पावतीपुस्तक माझ्याकडे आहे. वर्गणी त्यांच्या पद्धतीने, सगळ्यांना सारखी.